कोल्विनच्या दारातून कोणी परत गेलं नाही

थ्री विलोज, आयडाहो प्रांत
१४ मे १८८४

प्रिय माहेला,

तेरा वर्षांनी पत्र लिहायचं तर आधी खुशाली विचारायला हवी, हे मला कळतं. पण तू बरी असशील असं धरून चालते. कामाचं बोलायचं आहे आणि डाकगाडी अकराला निघते.

ऑर्लांडो फिच नावाचे एक गृहस्थ आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहीत आहेत. खेचरावर बसून घरोघर फिरतात, गळ्याला कागदी कॉलर, आणि कोणी काही सांगायला लागलं की आधी पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात. त्यांना आपल्या डाकगाडीच्या थांब्यावर अख्खं प्रकरण हवं आहे. जुन्या माणसांना ते पत्रं पाठवतात. तुलाही पाठवलं, उत्तर आलं नाही म्हणाले. तुझा पत्ता मला त्यांच्याच वहीत दिसला. म्हणजे तू सॅक्रामेंटोत असतेस, तुझं आडनाव आता ब्रँडल आहे आणि तू कपडे शिवायचं दुकान चालवतेस, हे मला एका खेचरावरच्या परक्या माणसाकडून कळलं. असो.

इकडचं सांगते. माझा आयरा जाऊन पाच वर्षं झाली. घोड्याची लाथ पोटात बसली, तीन दिवस काढले. तुला कळवायला पत्ता नव्हता. मी आणि डेलिया हॅनाफिन, दोघीच थांबा चालवतो. डेलिया तुला आठवत असेल, तोंडावर देवीचे वण असलेली आयरिश बाई. रेल्वे आता चार मैलांवर आली आहे. ३० जूनला शेवटची डाकगाडी जाईल आणि मग इथं घोडे बदलायला कोणी थांबणार नाही. मला वाईट वाटतं का असं फिचसाहेबांनी विचारलं. अठरा वर्षं रोज पहाटे चारला उठून पंधरा माणसांची कॉफी उकळलेल्या बाईला असं विचारायचं नसतं. मी म्हटलं, पाय दुखतात.

तर काम असं. फिचसाहेबांना उत्तर लिहिलंस तर छपराचं लिही, पुराचं लिही, हवं ते लिही. १८७१ च्या मार्च महिन्याबद्दल मात्र काही लिहायची गरज नाही. मीही सांगितलेलं नाही. त्यात कोणाचंच भलं नाही.

तुझी बहीण,
थर्झा कोल्विन


थ्री विलोज
२९ मे १८८४

प्रिय माहेला,

तुझं उत्तर नाही. तुमच्याकडची डाक घेऊन दोन गाड्या आल्या नि गेल्या. प्रत्येक वेळी मी पिठाचे हात घेऊन बाहेर गेले, आणि गाडीवानानं मान हलवली.

फिचसाहेब परत येऊन गेले. त्यांना काय काय सांगितलं ते तुलाही ठाऊक असावं, म्हणजे तुझं-माझं जुळेल.

आपण इथं १८६६ च्या शरदात आलो, हे सांगितलं. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस आणि ओहायो सोडल्यापासून माझ्याशी धड बोलत नव्हतीस. जागेचं नाव थ्री विलोज, पण विलोची झाडं दोनच होती. आयरानं तुटका बुंधाही मोजला. पहिल्या वर्षी मातीचं छप्पर होतं. बाहेर पाऊस थांबला की घरात आणखी दोन दिवस पडायचा, आणि आपण तिघं टेबलाखाली बसून जेवायचो. मग वरचा मजला चढवला, पुढे दोन खोल्या, मागे एक. एका पलंगावर तीन उतारू, बूट काढून, हा नियम तू खडूनं भिंतीवर लिहिला होतास. दाराशी दोरीला बांधलेला एकच कंगवा होता. दुसरा न्यायाधीशानं चोरला, तोच न्यायाधीश जो घोड्यांच्या हौदात आंघोळ करायचा. फिचसाहेबांनी न्यायाधीशाचं नाव विचारलं. मी विसरले म्हणून सांगितलं. विसरलेले नाही.

नाटकवाल्यांचंही सांगितलं. पुरामुळे आठ दिवस अडकले होते आणि गवताच्या गाडीवर उभं राहून त्यांनी एक फार रडकं नाटक केलं. गाडीवान एवढाले बाप्ये ढसाढसा रडत होते आणि तुला हसू आवरेना. त्या गाडीवानांतल्या ज्युबलनं तुला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हाच, सगळ्या रडणाऱ्यांत हसताना. हे मी फिचसाहेबांना सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "कोल्विनबाई, या रस्त्यावरचे गाडीवान सांगतात की तुमच्या दारातून कधी कोणी परत गेलं नाही. बर्फ असो, पूर असो. खरं का हे?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं. म्हणाले, प्रकरणाचा शेवट याच वाक्यानं करणार.

त्या मार्चमध्ये दार लावायचं ठरलं ते आयरानं ठरवलं होतं, हे तुला एकदा सांगायला हवं होतं. घरात उतारू होते, तान्हं मूल होतं. तो कठोर नव्हता, पण जबाबदारी त्याची होती. आता तो नाही. मेलेल्या माणसावर राग धरून काय मिळणार? तेव्हा एवढं मनातून काढून टाक आणि दोन ओळी लिही.

थर्झा


थ्री विलोज
११ जून १८८४

माहेला,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. ते आज दुरुस्त करते. माझ्या मनानं करत नाही, डेलियानं करायला लावलं आहे.

तिला लिहितावाचता येत नाही. काल बटाटे सोलताना तिनं विचारलं, "बहिणीला एवढं काय लिहिता?" मी सांगितलं. आयराचं सांगितलं तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

"आयरा? मालकीणबाई, आयरा त्या दिवशी कुठं होता?"

"चारा आणायला."

"किती लांब?"

"पंचवीस मैल."

"आणि परत कधी आला?"

"चौथ्या दिवशी."

"म्हणजे पंचवीस मैलांवरनं त्यानं दाराला कडी घातली. मोठाच लांब हात बाई तुमच्या नवऱ्याचा!"

मी म्हटलं, तू तुझं काम कर.

"करतेच आहे. तेरा वर्षं करतेय. आयरा मला कधी वाकडा शब्द बोलला नाही. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघून ताटली लांब सरकवायचे, तो शेजारी बसून जेवायचा. त्याला उठून नाही म्हणता येत नाही म्हणून त्याच्या डोक्यावर काहीही ठेवाल? लिहा दुसरं पत्र. नाहीतर त्या कागदी कॉलरवाल्याला मीच सांगते. त्याला म्हणावं, घे लिहून."

ती सांगेल, याची मला खात्री आहे. म्हणून लिहिते.

१६ मार्चचा गुरुवार. दुपारचे दोन वाजून गेले होते. घरात पाच उतारू होते: खाणींकडे जाणारे तिघे, आणि मिसेस लव्हेट तिच्या पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन. मुलगी रडत होती म्हणून तू तिला घेऊन वरच्या मागच्या खोलीत गेली होतीस. मी पाव भाजत होते. गाडीचा आवाज आला, पण शिंग वाजलं नाही. ज्युबल टेकडीवरूनच शिंग वाजवायचा, तुला ठाऊक आहे कोणासाठी. म्हणून मी बाहेर डोकावले. घोडे पावलापावलानं येत होते. लगाम एका अनोळखी बाईच्या हातात होते आणि ज्युबल तिच्या खांद्याला टेकून बसला होता. बाकीचे उतारू त्याच्या कपाळावरचे फोड बघून मागच्या थांब्यावरच उतरले होते. तिथल्या माणसानं घोडेसुद्धा लांबूनच बदलून दिले. ती बाई, म्हणजे डेलिया, तेवढी बसून राहिली, तिला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. तिनं आयुष्यात कधी चार घोडे हाकले नव्हते.

मी तीस पावलांवरून फोड पाहिले. मी आत आले आणि कडी घातली. आडणाही लावला.

डेलिया दारावर मुठी मारत होती. "अहो बाई, माणूस जळतोय तापानं! दार उघडा!"

मी दाराशेजारच्या खिडकीतून ओरडले, "तबेल्यात न्या. गवत कोरडं आहे. पाणी, कांबळी, सूप, सगळं मी उंबऱ्याबाहेर ठेवीन."

"कुत्र्याला ठेवतात तसं?"

"हो. तसंच."

तिघे खाणवाले माझ्या मागे उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "शाबास बाई." त्याचा चेहरा मला आठवत नाही, शाबास तेवढं आठवतं.

दार लावलं त्याबद्दल मी माफी मागत नाही. आजही ते मूल, तू, ते सगळे घरात असतील तर मी दार लावीन. देवी आलेलं घर मी ओहायोत पाहिलं आहे. तू फार लहान होतीस. आपला भाऊ एनॉस कसा गेला ते तुला कोणी सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.

एवढंच होतं. गाडी निघते आहे.

थ.


थ्री विलोज
१९ जून १८८४

माहेला,

एवढंच नव्हतं.

आठ दिवस मी हे पत्र डोक्यात लिहिते आहे. काल भाकरीच्या पिठात मीठ दोनदा घातलं आणि एका उतारूनं तक्रार केली. अठरा वर्षांतली ही दुसरी तक्रार. डेलिया त्याला म्हणाली, "रेल्वेनं जा की मग, तिथं खायलाच देत नाहीत."

डेलिया घोडे सोडायला वळली तेव्हा ज्युबल स्वतःच्या पायांनी खाली उतरला. हळूहळू दाराकडे आला आणि दहा-बारा पावलांवर आपणहून थांबला. मला वाटलं होतं तो दार ठोठावेल, शिव्या देईल. माझी तयारी झाली होती. त्यानं टोपी काढली.

म्हणाला, "थर्झाबाई, मी आत यायचं म्हणत नाही. तुम्ही केलंत ते बरोबर आहे. तिला फक्त खिडकीशी उभी करा. काचेच्या आतच. मी इथूनच बघतो."

मी म्हटलं, "ती इथं नाही."

"कुठं आहे?"

"सोमवारी बॉइसीला गेली. शिवणकाम शिकायला."

"मला काही बोलली नाही ती."

आणि मी म्हटलं, "मन बदललं असेल तिचं."

मे महिन्यात तुमचं लग्न होतं, माहेला. तुझा झगा अर्धा शिवून झाला होता, बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. 'ती गावाला गेली' एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. तो बिचारा आजारात तुझी वाट बघत राहिला असता. पुढचं वाक्य कशाला बोलले? त्यानं परत विचारू नये म्हणून. आणखी एकदा त्यानं विचारलं असतं तर मी कच खाल्ली असती.

मी हे का केलं ते तुला सांगते, पटलं नाही तर नको पटू दे. माझी खात्री होती की तू त्याला पाहिलंस की धावत सुटशील. कडी, आडणा, काही तुला अडवू शकलं नसतं. तू त्याच्या गळ्यात पडली असतीस आणि महिन्याभरात मी तुला पुरलं असतं. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तुला मी वाढवलं. दोन हजार मैल बैलगाडीतून आणलं. मला तो माणूस आवडायचा, पण तू आणि तो यांत मला विचार करावा लागला नाही.

त्यानं टोपी परत घातली आणि आपल्या पायांनी तबेल्यात गेला. सहा दिवस काढले. डेलिया त्याच्याजवळ होती. मी उंबऱ्याबाहेर सूप ठेवत होते. तुला मी सांगितलं की ज्युबल मागच्या थांब्यावर अडकलाय, तबेल्यात एक आजारी उतारू आहे, तिकडे फिरकू नकोस. तू फिरकली नाहीस. सातव्या दिवशी आयरानं आणि डेलियानं त्याला पुरल्यावर मी तुला सांगितलं की तो ज्युबल होता, बेशुद्धच आला, त्यानं कोणाचं नावही घेतलं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. मी वाट बघत होते की तू काहीतरी फेकशील, ओरडशील. तू वर गेलीस, ट्रंक भरलीस आणि गुरुवारच्या गाडीनं गेलीस. निरोपाचा शब्दही नाही. मला वाटलं, हिला कुठूनतरी कळलं. डेलियानं सांगितलं असेल. डेलिया शपथेवर नाही म्हणते, आणि ती चर्चला जात नसली तरी शपथ पाळते.

आता तुला माझ्याकडूनच कळलं. उत्तर लिहू नकोस हवं तर.

थर्झा


थ्री विलोज
२ जुलै १८८४

माहेला,

सोमवारी शेवटची गाडी गेली. बॅंड वगैरे काही नव्हता. दोन उतारू होते, त्यांतला एक झोपलेला. गाडीवानानं कॉफीचा पेला परत करताना म्हटलं, "बरंय कोल्विनबाई." मीही म्हटलं, "बरंय." मग मी नेहमीसारखी दुसऱ्या गाडीच्या माणसांसाठी बीन्स भिजत घातल्या आणि डेलियानं मला त्यावरून दिवसभर छळलं. "पंधरा माणसांच्या बीन्स दोघींनी खायच्या. रेल्वे आली, आता घरातच वाफेचं इंजिन होणार!"

काल फिचसाहेब छापायला जाणारी पानं दाखवायला आले. आपल्या थांब्यावर चार पानं लिहिली आहेत, आणि सुंदर लिहिली आहेत. वाचताना मला वाटलं, अशा बाईकडे एकदा उतरायला हवं. शेवटचं वाक्य ठरल्याप्रमाणे होतं: कोल्विनच्या दारातून कोणी परत गेलं नाही.

मी म्हटलं, "हे काढा."

"बाई, सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे!"

"खरं नाही ते."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, तुझं नाव तेवढं घेतलं नाही. ते पेन्सिल हातात धरून बसले होते, जिभेला लावायची विसरले. डेलिया दारात हात पुसत उभी होती.

शेवटी ते म्हणाले, "पण तुम्ही केलंत ते शहाणपणाचं होतं. कोणीही तेच केलं असतं."

"मग तसं लिहा. ज्युबल हॅस्किन नावाच्या गाडीवानाला १६ मार्च १८७१ रोजी या दारातून परत पाठवलं, आणि कोल्विनबाई त्याच्याशी खोटं बोलली, असं छापा."

ते कळवळून म्हणाले, "कोल्विनबाई, हे पुस्तक लोक बैठकीच्या खोलीत ठेवणार. पाहुण्यांना दाखवणार. त्यात हे कोणाला हवंय?"

"हे नको तर तेही नको."

बराच वेळ आमची ओढाताण चालली. त्यांची चार पानं होती, मला त्यांची दया आली, पण मी हटले नाही. अखेर त्यांनी सगळ्यावर काट मारली. आता जिल्ह्याच्या इतिहासात आपल्याबद्दल एक ओळ येईल: 'थ्री विलोज. डाकगाडीचा थांबा, १८६६ ते १८८४.' खेचरावर बसताना ते डेलियाला म्हणाले, "तुमच्या बाई फार हट्टी आहेत."

डेलिया म्हणाली, "तेरा वर्षं उशिरा हट्टी झाल्यात. पण झाल्या."

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. हे पत्र आम्ही दोघी चालत जाऊन रेल्वेच्या टपालपेटीत टाकणार आहोत. स्टेशनला त्यांनी थ्री विलोज नाव दिलं नाही. त्यांच्या कोण्या साहेबाच्या बायकोचं नाव दिलंय.

थर्झा


थ्री विलोज
१० ऑगस्ट १८८४

माहेला,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं आणि फलाटावर उभ्या-उभ्याच फोडलं. आजवर किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू लिहिलेल्या ओळी इथं उतरवून काढते, कारण त्या मी नीट वाचल्या आहेत ना, हे मला पाहायचं आहे.

'मी मागच्या खोलीत नव्हते. मूल झोपलं म्हणून पुढच्या खोलीत आले होते. मी वरच्या खिडकीत होते, थर्झा. मला तो दिसला. त्याचा चेहरा दिसला. तू बॉइसीचं सांगितलंस ते मला ऐकू आलं, मन बदललं म्हणालीस तेही. मला एक हाक मारता आली असती. काचेवर नुसती बोटं आपटता आली असती. मी एक पाऊल मागे सरले. मला त्या फोडांची किळस आली आणि भीती वाटली, आणि तू खोटं बोललीस म्हणून मला हायसं वाटलं. तू म्हणालीस तबेल्यात कोणी उतारू आहे, मी मान हलवली. सहा दिवस मला माहीत होतं तिथं कोण आहे. तू मला वर पाहिलं असशील असंच मी धरून चालले. मला वाटायचं, तुला सगळं माहीत आहे आणि माझी लाज राखायला तू गप्प आहेस. म्हणून तुझ्या तोंडाकडे बघवेना. म्हणून गेले. तू लिहितेस, मी धावत सुटले असते. तुझी तशी खात्री होती, हे वाचून मी दुकान बंद करून घरी गेले.'

हे असंच आहे ना?

मी तुला वर पाहिलं नव्हतं. मी फक्त त्याच्याकडे बघत होते.

घरी येऊन मी हे डेलियाला वाचून दाखवलं. वाटलं, ती काहीतरी टोमणा मारेल. ती बाकावर बसली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्याचा ताप थोडा उतरला होता. मला म्हणाला, 'वरच्या खिडकीत कोणीतरी होतं गं.' मी म्हटलं, 'पडदा होता.'"

"तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं होतं. पोरगी होती. हातात काही तरी शिवण होतं." तिनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं. "ती आहे आणि खाली येत नाही, असं सांगू त्याला? त्यापेक्षा 'बॉइसीला गेली' तेच बरं. मला वाटलं, तेवढं तरी सोपं जाईल."

"सोपं गेलं?"

"नाही," डेलिया म्हणाली.

तर आता आम्ही दोघी आणि तिकडे तू. तिघींनी मिळून एका माणसाला सांगितलं की तू नाहीस. प्रत्येकीनं आपापल्या परीनं, आणि प्रत्येकीनं दुसरीपासून लपवून.

तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. तुला ते खरं वाटणार नाही आणि तू मला तसं लिहिलंस तर मलाही वाटणार नाही. तू वीस वर्षांची होतीस, मी छत्तीसची. एवढा फरक आहे, तो धर. मी तुझ्या वाट्याचं उचलणार नाही आणि माझं तुझ्यावर टाकणार नाही. पण आपापलं घेऊन एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे? मी दमले आहे, माहेला. हे आणखी तेरा वर्षं एकटीनं वाहायची ताकद माझ्यात नाही. तुझ्यात असली तर सांग, मी परत असं विचारणार नाही.

काल आम्ही टेकडीवर गेलो. आयरानं त्याला पुरलं तिथं नुसते दगड रचले होते, नाव घातलं नव्हतं. मीच घालू दिलं नव्हतं, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. डेलियानं फळी धरली आणि मी तापलेल्या सळईनं अक्षरं डागली. तिला अक्षरं येत नाहीत म्हणून ती दर अक्षराला विचारत होती, "हे कोणतं? आणि हे?" त्याचं जन्मवर्ष आम्हां दोघींना माहीत नाही. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. तुला माहीत असेल.

पश्चिमेकडून गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, दुपारी सव्वाच्या सुमाराला, पण नेहमी उशीर असतो. मी या मंगळवारी स्टेशनवर जाणार आहे. त्या दिवशी तुला जमलं नाही तर शुक्रवारी जाईन. डेलिया म्हणते, दर वेळी चार मैल चालत जाऊन आलात तर पाय कायमचे जातील. गेले तर गेले.

तुझी,
थर्झा